न्यूक्लिअर मेडिसिनचे स्कॅन : भीती कशाची आणि काळजी कशाची

आईला बोन स्कॅन, म्हणजे हाडांचा स्कॅन, सांगितला, तेव्हा घरात सगळ्यांनी धास्ती घेतली ती यंत्राची. वास्तविक हे यंत्र, म्हणजे गॅमा कॅमेरा, स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, तो फक्त शरीरातून येणारे किरण टिपतो. किरणोत्सार असतो तो शिरेतून दिलेल्या औषधात, त्यामुळे ते किती दिले जाते, किती वेळ टिकते आणि शरीराबाहेर कसे पडते, हेच समजून घेण्यासारखे आहे.

या स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य वापरतात. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सुमारे ६ तासांचे असल्याने २४ तासांत त्याचा किरणोत्सार सोळाव्या हिश्श्यावर येतो आणि बराचसा भाग लघवीवाटे निघून जात असल्याने शरीरात उरते ते त्याहूनही कमी. जाड धातूच्या आवरणातली सिरिंज पाहून आई बिचकली. पण ते आवरण दिवसभर अशी इंजेक्शने देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हातांसाठी असते. नंतरच्या दोन-तीन तासांत भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवीला जायला सांगतात. ही सूचना अनेक जण सहज घेतात, पण मूत्राशयाला मिळणारी किरणांची मात्रा तिच्यामुळेच घटते.

बोन स्कॅनमधून साधारण ४ ते ६ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा मिळते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. पेट-सीटी या किरणोत्सारी औषधाच्या स्कॅनला क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनची जोड असते, त्यामुळे त्यात सीटीची मात्रा वेगळी जमेस धरावी लागते. धोका अल्प आहे, शून्य नाही. म्हणून या स्कॅनमुळे उपचारात काय ठरणार आहे, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच करू नये, असे माझे ठाम मत आहे.

औषध अत्यल्प असल्याने ॲलर्जी क्वचितच होते. सुई टोचल्याजागी थोडे दुखते, एवढेच. हृदयाच्या स्कॅनमध्ये ॲडेनोसिन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध दिल्यास चेहरा तापणे, धाप लागणे, छातीत दाटल्यासारखे होणे असा त्रास होऊ शकतो. तो त्या औषधाचा असतो, किरणोत्साराचा नव्हे, आणि बहुधा काही मिनिटांत ओसरतो. दम्याचा आजार असल्यास मात्र ते आधी सांगितलेच पाहिजे.

सर्वांत जपायचे ते गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी. टेक्नेशियमच्या बऱ्याच तपासण्यांनंतर स्तनपान थांबवावे लागत नाही किंवा काही तासच थांबवावे लागते. आयोडीन-१३१ या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याचे तसे नाही. त्याचे अर्धायुष्य ८ दिवसांचे आहे, ते दुधात उतरते, बाळाच्या थायरॉइडमध्ये साठते, आणि ते दिल्यावर त्या बाळाचे स्तनपान कायमचे बंद करावे लागते. त्यामुळे ही माहिती तपासणीची वेळ ठरवतानाच द्यावी, इंजेक्शनच्या खुर्चीवर बसल्यावर नव्हे.