आज प्रागमध्ये, आईसोबत

प्रागच्या जुन्या चौकातल्या घड्याळाखाली अर्धा तास आधीच जाऊन उभ्या राहिलो. १४१० सालचं घड्याळ, अजून चालतंय! तास भरत आला तशी मुंगीला शिरायला जागा उरली नाही. आईला काहीच दिसेना. पुढच्या आजोबांनी मागे वळून पाहिलं आणि एक अक्षर न बोलता तिला आपल्या जागी उभं केलं. घड्याळावरच्या सांगाड्याच्या बाहुलीने घंटेची दोरी ओढली, खिडक्यांतून येशूच्या प्रेषितांच्या मूर्ती सरकत गेल्या, शेवटी कोंबडा आरवला. आई लहान मुलीसारखी बघत होती.

माझं मन मात्र पायाखाली अडकलं. तिथेच फरशीत २७ पांढरे क्रूस आहेत. १६२१ मध्ये तेव्हा इथे राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याविरुद्धच्या उठावातल्या २७ जणांना या चौकात मारलं. सगळ्यांच्या माना वर, आणि मी नेमकी एका क्रूसावर उभी. चटकन पाय मागे घेतला. फार वाईट वाटलं.

चार्ल्स पुलावरही तीच गर्दी. नेपोमुक या ख्रिस्ती संताच्या पुतळ्याखालचा धातूचा पत्रा लोकांचे हात लागून लागून सोन्यासारखा चकाकतोय. आईने त्याला हात लावला आणि सवयीने तोच हात कपाळाला नेला.