कुलाब्यातलं जहाज

तात्याआजोबा महायुद्धात 'तलवार'वर होते, हे आमच्या घरात पाढ्यांसारखं पाठ. शाळेत असताना मी या जहाजाला पदरच्या तोफा जोडल्या, वादळं जोडली. पुढे 'बंगाल' या छोट्याशा सुरुंगशोधक जहाजाबद्दल वाचलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये हिंदी महासागरात 'ओंडिना' नावाच्या डच टँकरला सोबत करताना दोन मोठ्या जपानी जहाजांशी त्याची गाठ पडली आणि त्यातलं एक बुडालं. झालं, मी मनातल्या मनात तात्याआजोबांची तिथं बदली करून टाकली. ते स्वतः युद्धाविषयी चकार शब्द बोलत नसत.

परवा गिरगावातली खोली रिकामी करताना पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या रेशनकार्डांखाली, त्यांचा नौदलातून सुटल्याचा कागद सापडला. घड्यांवर फाटून चार तुकडे झालेले, मागून पिवळी पडलेली चिकटपट्टी. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग असं, की तीन वेगवेगळ्या कुटुंबांनी हक्क सांगावा. पण जन्मतारीख १ जून. ती वाचली आणि खात्री पटली, माणूस आपलाच. मास्तरांच्या कृपेने निम्मं कोकण १ जूनलाच जन्माला आलंय.

मग मला शोधाचं वेडच लागलं. मस्जिद बंदरला खलाशांच्या जुन्या वसतिगृहात युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही, चिता नाही, अशांची नावं तिथल्या नोंदवहीत आहेत. नौदलातल्यांपेक्षा व्यापारी जहाजांवरचे खलाशी कितीतरी जास्त. धडधाकट परत येऊन पुढे चाळीस वर्षं पेन्शनरांच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाचं नाव मी त्या यादीत का शोधलं, कोण जाणे. नाही सापडलं तेव्हा हायसं वाटलं, हे मात्र खरं.

'तलवार'चा पत्ता लागला तो कुलाब्यात. नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखीच नावं द्यायची रीत होती. एच.एम.आय.एस. तलवार म्हणजे बिनतारी संदेश शिकवणारी शाळा. आम्ही तात्याआजोबांना ज्या जहाजावर इतकी वर्षं हेलकावे खायला लावले, तिथं गिरगावातून ट्रामने जाता आलं असतं!

पण हसू तिथंच थांबलं. कारण १८ फेब्रुवारी १९४६ ला नाविकांचा संप सुरू झाला तो याच 'तलवार'वर. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही ठिणगी. पाच दिवसांत तो मुंबईतल्या जहाजांवरून कराचीपर्यंत पोचला, रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. पुष्कळ नाविकांना नंतर काढून टाकलं. तात्याआजोबांच्या कागदावर एप्रिल १९४६ आहे आणि 'सेवेची गरज उरली नाही' अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य. आता युद्ध संपल्यावर नोकरकपातही चालूच होती. त्या एका वाक्यात दोन्ही मावतात.

मला आठवलं, तात्याआजोबा डाळ स्वतः निवडायचे. आजीने निवडलेली पुन्हा ताटात पसरून, चष्मा कपाळावर चढवून, बोटाने एकेक दाणा सरकवत. एक खडा निघाला तरी तो बशीच्या कडेला सगळ्यांना दिसेल असा ठेवायचे.

मी उत्साहाने आत्याला फोन केला. संप, जेवण, डाळ, सगळं एका दमात सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, कसला संप नि काय! नेव्हीत जायच्या आधीपासूनच किरकिरे होते ते. आजी सांगायची ना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा भात निवडत बसले होते."