एका पेरणीत कडवळाच्या तीन कापण्या: माझा अनुभव

आमच्या गोठ्यात चार संकरित गाई आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या हिरव्या वैरणीची भिस्त वीस गुंठे कडवळावर, म्हणजे चाऱ्यासाठी पेरलेल्या ज्वारीवर असते. संगमनेर भागात मे महिन्यात चारा विकत घ्यायचा म्हटलं, तर दुधाचा पैसा तिथेच जिरतो. म्हणून फेब्रुवारीअखेरीस सीओएफएस 29 पेरलं. हे कोईमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाचं वाण, कापलं की पुन्हा फुटणारं. बी फार बारीक असतं, हेक्टरी 5 किलो पुरतं. वीस गुंठ्यांना लागणारं किलोभर बी वाळूत कालवून उथळच पेरलं.

शिफारस अशी की पहिली कापणी 65 दिवसांनी, पुढच्या दर 50 दिवसांनी आणि प्रत्येक कापणीनंतर नत्र (नायट्रोजन). पण गोठा सांभाळणारी बाई शेत एका दिवसात कापत नाही. ती रोज भाराभर कापते. एका टोकाला धसकटं, मध्ये गुडघाभर फुटवे आणि दुसऱ्या टोकाला निसवलेलं, म्हणजे कणसं बाहेर पडलेलं पीक, असं सगळं एकाच तुकड्यात उभं असतं. सगळीकडे एकदम युरिया फेकला, तर उद्या कापायच्या ताटांनाही तो मिळतो आणि नको ते नत्र वैरणीतून गाईच्या पोटात जातं.

मी अडीच-अडीच गुंठ्यांचे आठ पट्टे पाडले. पट्टा कापून झाला की तीन-चार दिवसांत बुडातून कोंब डोकावतात, तेव्हा त्या पट्ट्यालाच सव्वादोन किलो युरिया द्यायचा. म्हणजे एकरी साधारण 35 किलो. युरियात 46 टक्के नत्र असतं, त्या हिशेबानं पट्ट्याला एक किलो नत्र पडतं. खत संध्याकाळी ओळीच्या कडेनं टाकायचं आणि लगेच पाणी द्यायचं. उन्हात कोरड्या जमिनीवर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन बराचसा उडून जातो. म्हणून विहिरीचं पाणी कुठल्या पट्ट्याला कधी पोचेल ते आधी ठरवायचे आणि मगच विळा लावायचे.

विळा किती उंचीवर चालवायचा, यावर सासूबाईंचं आणि माझं एकमत व्हायला वेळ लागला. त्या खालपर्यंत कापायच्या, कारण वैरण वाया जाऊ नये. मी चार ते सहा इंच बुडखा ठेवायचे. खालच्या पेरांवरचे डोळे शाबूत राहिले, तरच फुटवे जोमानं येतात. पहिल्या दोन पट्ट्यांचे फुटवे शेजारी-शेजारी पाहिल्यावर त्यांनीही विळा वर उचलला.

मागचे पट्टे पहिल्याच कापणीत जून व्हायला लागले. पीक निसवून पुढे गेलं की ताट कडक होतं आणि प्रथिनं घटतात. पीक निम्मं निसवल्यावर शेवटचे दोन पट्टे एकदम कापून, कुट्टी करून त्यांचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेली हिरवी वैरण, भरला.

खरी कसोटी जूनमध्ये लागली. पाऊस लांबला, विहीर खाली गेली आणि दुसऱ्या कापणीनंतरचे फुटवे गुडघ्याएवढेच राहून पानं सुरळी होऊ लागली. कोवळ्या, ताण बसलेल्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य जास्त असतं. ती चावली की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं आणि जनावर काही मिनिटांतही दगावू शकतं. जादा नत्रानं हा धोका वाढतो. शिवाय वाढ थांबलेल्या ताटात, विशेषतः बुडाकडे, नायट्रेट साठतं, तेही विषारीच. उन्हात सुकवल्यानं आम्ल बरंच कमी होतं, नायट्रेट मात्र वाळलेल्या चाऱ्यातही तसंच राहतं. युरिया दिला की फुटवे हिरवे होतील, असं शेजारून सांगितलं जात होतं. पाणी नसताना मी दाणाही टाकला नाही. गाई कडब्यावर आणि मुरघासावर काढल्या, दूध घटलं ते सोसलं.

पाऊस आल्यावर शेत दोन दिवसांत हिरवंगार झालं, तरी विळा लावला नाही. ताणानंतरची ही कोवळी फूटच सगळ्यात घातक. कंबरेच्या वर वाढ होऊन पानं मोकळी होईपर्यंत थांबले. मग आधी गाईंना पोटभर कडबा घातला आणि कापलेलं कडवळ अर्धा दिवस उन्हात सुकवून, कुट्टी करून, थोडं थोडं गव्हाणीत टाकलं. पशुवैद्यकाचा नंबर गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलाय. धाप, थरथर, लाळ यांतलं काहीही दिसलं की वैरण काढून घ्यायची आणि फोन लावायचा. हायड्रोसायनिक आम्लाच्या विषबाधेवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं देतात, पण ती वेळेवर मिळाली तरच उपयोग.

तिसरी कापणी ऑगस्टमध्ये झाली. फुटवे पहिल्यापेक्षा बारीक होते, पण वैरण पुरली. चौथ्यासाठी नत्र दिलं नाही. बुडखे नांगरून तिथे आता मका आणि चवळी मिश्र पेरतेय.