आमची तीस दिवसांची नोटीस

तो पोलंडचा, मी बेळगावातल्या शहापूरची; त्यामुळे लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं. दोघांपैकी एकानं तरी जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, ते माझ्यामुळे भागलं. दमछाक झाली कागदांची. तो अविवाहित असल्याचा तिकडचा दाखला, त्यावर अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन, मग भाषांतर.

लग्न करणार असल्याची नोटीस ३० दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या फलकावर राहते, कुणीही हरकत घेऊ शकतं. नावं, पत्ते सगळ्यांसमोर! सज्ञान माणसांना हे का सोसायला लावतात? मला अजिबात पटत नाही. बाबा मात्र बाजाराला जाता-येता तिथं थांबायचे, कानडी मजकुरावर बोट फिरवत जावयाचं नाव नीट लिहिलंय का बघायचे. तीन साक्षीदारांत पहिली सही त्यांनीच केली.

आता त्याच्या ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी जोडीदाराला इथं दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डासाठी, लग्नाच्या नोंदणीला दोन वर्षं व्हायला हवीत. तोवर व्हिसा वाढवत राहायचा.