तापीचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी मुरते

बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. मध्य प्रदेश आणि गुजरातचाही तिच्यावर हक्क असला, तरी तिच्या खोऱ्याचा बराच मोठा भाग महाराष्ट्रात, मुख्यतः खानदेश आणि पश्चिम विदर्भात मोडतो.

रावेर-यावलच्या केळीच्या बागा पाहून नदीच त्यांना पाणी पाजत असावी असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात तापीचे पात्र शेतांच्या पातळीपासून बरेच खाली, मातीच्या उभ्या काठांमधून वाहते आणि काठालगतची जमीन पावसाच्या पाण्याने घळी पाडून चिरून टाकलेली आहे. कालव्याचे पाणी काही भागाला मिळते. मात्र केळी मुख्यतः विहिरी आणि कूपनलिकांवरच उभी आहे, आणि त्या विहिरींचे पाणी कोठून येते हे समजून घेतल्याखेरीज हे खोरे समजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तापी सातपुड्याला बिलगून वाहते. त्यामुळे दक्षिणेकडून येणाऱ्या गिरणा, बोरी, पांझरा या नद्या लांब आहेत, तर सुकी, मोर, अनेर यांसारख्या उत्तरेकडच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. डोंगर सोडून सपाटीला लागताच या उत्तरेकडच्या नद्यांचा वेग मोडतो आणि सोबत आणलेले गोटे, खडी व वाळू त्या पायथ्याशीच टाकतात. युगानुयुगे साचलेल्या या पट्ट्याला भूगर्भशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात. त्यात पावसाचे पाणी झपाट्याने मुरते आणि दक्षिणेकडे, शेकडो फूट जाडीच्या गाळाच्या थरांतून शेतांखाली सरकत राहते. वर काळी कसदार माती आणि खाली हा साठा, अशी ही दुहेरी संपत्ती आहे.

गाळ मिळाला म्हणजे सगळे मिळाले, असेही नाही. चांगदेवजवळ तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातही खोल गाळ आहे; परंतु अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने चांगल्या काळ्या जमिनीलाही ते पाजता येत नाही आणि तेथील शेती बव्हंशी पावसाच्या भरवशावर राहते.

यावल-रावेरकडील पाणीपातळी मात्र उपशामुळे वर्षानुवर्षे खाली जात आहे. सातपुड्यातून पावसाळ्यात धावत येणारे पाणी तापीत पोहोचण्यापूर्वी बझाड्यात जिरवणे हाच त्यावरचा सर्वांत नैसर्गिक उपाय मला वाटतो, कारण ती जागा निसर्गाने पाणी मुरण्यासाठीच घडवलेली आहे. त्यासाठी पायथ्याचे ओढे आणि त्यांतील वाळू आधी शाबूत ठेवावी लागेल.