जँगो फॉर्मसेट: ‘आणखी एक ओळ’ बटणामागचं काम

खरेदी बिलाचं पान होतं. वर पुरवठादार आणि तारीख, खाली मालाच्या ओळी: वस्तू, नग, दर, कर. ओळी किती लागतील हे आधी ठाऊक नसतं, म्हणून ‘आणखी एक ओळ’ हे बटण. ओळी तपासायला आणि सेव्ह करायला जँगोत (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) इनलाइन फॉर्मसेट, म्हणजे एका मुख्य नोंदीखालच्या अनेक फॉर्मचा संच, तयार मिळतो. नवी ओळ पानावर आणणं मात्र आपल्याकडे.

आधी मी ओळीचं एचटीएमएल जावास्क्रिप्टमध्येच लिहिलं. मॉडेलमध्ये (डेटाबेसच्या तक्त्याची व्याख्या) एक फील्ड वाढलं की दोन जागी हात घालावा लागतो, आणि दुसरी जागा हमखास राहून जाते. मग एका सुट्या फॉर्मचं एचटीएमएल बनवून (रेंडर करून) पाठवणारा व्ह्यू, म्हणजे विनंतीला उत्तर देणारं सर्व्हरवरचं फंक्शन, लिहिला. तोही अपुरा पडला, कारण ओळीचा लपलेला आयडी आणि डिलीटचा चेकबॉक्स फॉर्मसेट जोडतो, सुट्या फॉर्मला ते माहीतच नसतात. शेवटी व्ह्यूमध्ये फॉर्मसेटच बनवला आणि त्याचा ‘एम्प्टी फॉर्म’, म्हणजे नव्या ओळीचा कोरा नमुना, रेंडर केला. त्यात क्रमांकाच्या जागी, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेला ‘प्रीफिक्स’ हा शब्द येतो. तो बदलून ओळीचा क्रमांक घालायचा. जावास्क्रिप्टचं साधं रिप्लेस फक्त पहिला सापडलेला शब्द बदलतं, तेव्हा रिप्लेस-ऑल वापरा.

पुरवठादार बदलला की वस्तूंची यादी बदलते, म्हणून इथे फेच (पान न बदलता जावास्क्रिप्टने सर्व्हरकडून मागवणं) लागलं. तसं काही नसेल तर हाच एम्प्टी फॉर्म पानावर टेम्प्लेट टॅगमध्ये ठेवून द्यावा, सर्व्हरची फेरी वाचते.

आलेलं एचटीएमएल टीआर (तक्त्याची ओळ) असेल तर ते डिव्हमध्ये ओतू नका, ब्राउझर टीआर-टीडी गाळून टाकतो. टेम्प्लेट एलिमेंटमध्ये ओतून मग टी-बॉडीला जोडायचं. तुकड्यात फॉर्म टॅग नको, आणि इनर-एचटीएमएलने आलेली स्क्रिप्ट चालत नाही, त्यामुळे तारखेचं कॅलेंडर वगैरे नव्या ओळीवर स्वतः सुरू करावं लागतं.

खरी गोम मोजणीत आहे. मॅनेजमेंट फॉर्ममधलं (फॉर्मसेटसोबत जाणारी मोजणीची लपलेली फील्डं) ‘टोटल फॉर्म्स’ वाढवायला विसरलात तर एररही येत नाही. बिल सेव्ह होतं, शेवटची ओळ गायब. क्रमांक त्याच फील्डमधून वाचावा. जावास्क्रिप्टचा वेगळा काउंटर शून्यापासून सुरू केला, तर चूक दाखवून परत आलेल्या पानावर आधीच्या ओळींचेच क्रमांक पुन्हा दिले जातात. फायरफॉक्स रिलोडनंतर जुना आकडा परत भरतो, म्हणून या फील्डवर ऑटोकम्प्लीट बंद ठेवलं.

ओळ काढताना आकडा कमी करू नये. मधली ओळ काढून ५ चे ४ केले तर जँगो ० ते ३ एवढेच क्रमांक वाचतो, म्हणजे शेवटची चांगली ओळ जाते. आकडा तसाच ठेवून ओळ डॉममधून, म्हणजे ब्राउझरमधल्या पानातूनच, उडवली तर रिकामा क्रमांक बहुधा खपून जातो. पण नगाचा डिफॉल्ट १ असेल तर त्या न आलेल्या ओळीचा नग ‘बदलला’ असं धरलं जातं, आणि पानावर नसलेल्या ओळीसाठी ‘हे फील्ड आवश्यक आहे’ अशी एरर येते. म्हणून डिलीटवर खूण करून ओळ नुसती लपवली. तिथेही एक अडचण आहे: लपलेल्या ओळीत नग उणे ५ राहिला असेल तर ब्राउझरची स्वतःची तपासणी सबमिट अडवते, आणि कारण फक्त कन्सोलमध्ये दिसतं. आयडी, मूळ बिलाचं लपलेलं फील्ड आणि डिलीट सोडून त्या ओळीची बाकी इनपुटं डिसेबल केली की सुटतं.

सेशन संपलं असेल तर फेच मुकाट रीडायरेक्टच्या मागे जातं आणि तक्त्यात चक्क लॉगिनचं पान उमटतं, तेही ‘सगळं ठीक’ सांगणारा स्टेटस २०० घेऊन. तुकडा जोडण्याआधी रिस्पॉन्सचं ‘रीडायरेक्टेड’ तपासायचं. हा तुकडा गेट विनंतीने येतो, आणि गेटला सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण) लागत नाही.

मोठी बिलं येणार असतील तर आणखी एक मर्यादा आड येते. एका पोस्ट विनंतीत (फॉर्म सबमिट) जँगो डिफॉल्टने १००० फील्डंच घेतो. इथे प्रत्येक ओळीची ४ दिसणारी आणि २ लपलेली फील्डं जातात, म्हणजे साधारण १६५ ओळींनंतर थेट ‘४००’ ही एरर. फॉर्मसेटची स्वतःची मर्यादा १००० फॉर्मची असते, त्यामुळे तिथे शोधत बसू नका. सेटिंग्जमधलं ‘डेटा अपलोड मॅक्स नंबर फील्ड्स’ वाढवा.