चाकांवरचे स्वयंपाकघर आणि जागेचा प्रश्न

आमच्या कोपऱ्यावर रोज संध्याकाळी मिसळीची एक गाडी उभी राहते. तिच्या मागच्या चाकाखाली विटेचा तुकडा सारलेला असतो आणि मालकाचा एक डोळा कढईवर, तर दुसरा अतिक्रमणविरोधी पथकाच्या वाटेवर असतो. त्यांच्याकडे अन्नसुरक्षा परवाना आहे, वाहनातील बदलांची परिवहन कार्यालयात नोंदही आहे; परंतु यांपैकी एकही कागद त्यांना रस्त्यावर थांबण्याचा हक्क देत नाही.

पथविक्रेत्यांसाठीचा 2014 चा केंद्रीय कायदा विक्रीक्षेत्रे ठरवताना नगर पथविक्रेता समितीशी विचारविनिमय बंधनकारक करतो आणि त्या समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, असेही सांगतो. मुंबईत मात्र रेल्वे स्थानकापासून 150 मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळे यांपासून 100 मीटर अंतरात विक्रीस मनाई असल्याचे उच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. दाट वस्तीच्या नकाशावर ही वर्तुळे काढून पाहिली, तर उरते ती बहुधा गिऱ्हाईक न फिरकणारी जागा. गर्दीला पदपथ मोकळा हवा, हे मला मान्य आहे. पण विक्रीक्षेत्रे आखण्याआधीच गाड्या उचलणे हा उलटा कारभार वाटतो.